उष्टं इंजिन

१

दुसऱ्याच्या तोंडात हात घालून ज्यांचं पोट चालतं त्यांना किळस परवडत नाही. पद्मिनीलाही ती कधी परवडली नव्हती. नागपूरला दातांची डॉक्टर झालेली ही बाई परदेशात, पार्सिपनीत आल्यावर एका दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागली होती, कारण इथली परीक्षा पास होईपर्यंत स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायची सोय नव्हती. सकाळी आठ ते चार लोकांच्या हिरड्या, लोकांच्या तोंडाचे वास आणि लाळ ओढणारी ती सुरसुर नळी. कवळीसाठी ठसे घ्यायचे, ठशात प्लॅस्टर ओतायचं, वाळलेला जबडा अलगद सोडवायचा, त्यावर पेशंटचं नाव लिहायचं आणि फळीवर ठेवून द्यायचा. मग घरी येऊन, कोपरापर्यंत हात धुऊन ही बया मजेत वरणभात कालवायची.

उष्ट्याचं मात्र वेगळं. दवाखान्यातली लाळ ही कामाची, तिला ग्लोव्हज होते. घरातलं उष्टं म्हणजे उष्टं, तिथं आईची शिकवण हाडात मुरलेली. दुसऱ्याच्या कपातला घोट नको, चाखलेला चमचा पातेल्यात परत नको. पाहुण्यांनी तोंड लावलेला ग्लास ती दोनदा घासायची.

त्याला अपवाद एकच, तिचा नवरा शैलेंद्र. लग्नात पंगतीत बसून एकमेकांना घास भरवले तेव्हा त्यानं जिलबी आधी स्वतः चावली आणि उरलेली तिच्या तोंडात कोंबली. सगळे हसले, ती लाजून लाल झाली, आणि तेव्हापासून ते त्यांचं ठरूनच गेलं. तो तिच्या ताटातली अर्धी पोळी न विचारता उचलायचा, ती त्याचं अर्धं सफरचंद संपवायची. दोघांत याबद्दल कधी एक शब्द बोलला गेला नव्हता.

दीड वर्षापूर्वी ते थांबलं. शैलेंद्रचे वडील, दिगंबरराव, भुसावळच्या लोको शेडमध्ये आयुष्यभर फिटर होते. ते गेले तेव्हा केनेडी विमानतळावर बर्फ पडत होता आणि विमानं उडत नव्हती. शैलेंद्र भुसावळला पोचला तो राख गोळा करून झाल्यावर. परत आला तो गप्पच. विचारलं तर उत्तर द्यायचा, वाढलं तर जेवायचा, पण तिच्या ताटाकडे हात म्हणून जायचा नाही. पद्मिनीला परीक्षेची काळजी नव्हती, ग्रीन कार्डाची नव्हती. त्यानं एकदा आपल्या ताटातलं काहीतरी उचलावं, एवढंच तिला हवं होतं.

२

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरातला शनिवार. आयसेलिनला जाऊन ओक ट्री रोडवरून पोहे, गूळ आणि महिन्याच्या डाळी आणायच्या होत्या, पण रूट फॉर्टीसिक्सच्या आतल्या गल्लीत एका घरासमोर जुन्या सामानाची विक्री मांडलेली दिसली आणि शैलेंद्रनं गाडी थांबवली. ही त्याची जुनी खोड. बऱ्याच दिवसांनी खोड दिसली म्हणून पद्मिनीही मागोमाग उतरली.

दिव्यांच्या झुलत्या शेड, फुटके पॅन, नाताळच्या झाडाची सजावट, आणि टेबलाखाली एक पिवळा पडलेला पुठ्ठ्याचा खोका. झाकणावर एका जुन्यात जुन्या वाफेच्या इंजिनाचं चित्र, पिंपासारखा बॉयलर, उंच धुराडं, उघड्यावर उभा असलेला ड्रायव्हर. प्लॅस्टिकचं किट होतं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं.

"हे बघ," शैलेंद्र उकिडवा बसत म्हणाला. "बाबांनी मला याचं चित्र काढून दाखवलं होतं. एकदम पहिल्या जमान्यातलं. डोक्यावर केबिनसुद्धा नाही, बिचारा ड्रायव्हर पावसात भिजायचा."

एवढी चार वाक्यं तो सलग बोलला याचंच तिला अप्रूप वाटलं. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या बाईला त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, घेऊन जा. तिनं खोका हातानं उचलून दिला नाही, पायानं पुढे सरकवला. काय ही रीत, असं पद्मिनीच्या मनात आलं, पण शैलेंद्रनं खोका छातीशी धरला होता आणि तो हसत होता. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तू इंजिनाचं मॉडेल कर, मी जबड्यांची करते. घराचं म्युझियम होईल."

"तुझ्या मॉडेलांना चाकं नसतात, डॉक्टर," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यानं तिला डॉक्टर म्हणून चिडवलं नव्हतं.

३

दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर पेपर अंथरून त्यानं खोका उघडला आणि पद्मिनीनं भांडी विसळता विसळता नाक वर केलं.

तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. जुन्या प्लॅस्टिकचा नव्हे, कोंदट पुठ्ठ्याचाही नव्हे. एखादा पेशंट वर्षानुवर्षं दात न घासता येतो आणि खुर्चीत मागे रेलून पहिल्यांदा तोंड उघडतो, तेव्हा मास्कमधूनही जो येतो तो वास. सडलेल्या हिरडीचा, गोडसर.

"कुणीतरी अर्धवट जोडलंय," शैलेंद्र सांगत होता. बॉयलरचे दोन अर्धे आधीच चिकटवलेले होते. सांधीतून पिवळट, काचेसारखं काहीतरी ओघळून वाळलं होतं. "गोंद जास्त झालाय," तो म्हणाला आणि नखानं खरवडू लागला. खोक्यात एक बोटाएवढा माणूसही निघाला, तोच तो ड्रायव्हर. त्याला टोपी होती, कोट होता, कोटाची बटणं होती, पण चेहरा नव्हता. गोळी चोखून चोखून व्हावी तसा तो भाग गुळगुळीत झाला होता.

बाकीचे सुटे भाग अजून त्यांच्या चौकटीत होते. अशा किटात सगळे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांच्या एका चौकटीला चिकटलेले असतात, हवा तो कापून घ्यायचा. पद्मिनीनं हात पुसले आणि चौकट उचलून उजेडाकडे धरली. दोन चाकं आधीच काढून घेतलेली होती. ती कापलेली नव्हती.

"दातांनी तोडलीत," ती म्हणाली.

"पोरं असतात, कटर नसतं हाताशी."

"पोराचे दात नाहीत हे. मोठ्या माणसाचे आहेत." हे तिला दिसायचं, जसं सोनाराला कस दिसतो. काड्यांवर वरच्या दातांचे ठसे रांगेनं उमटले होते. अरुंद जबडा, सुळा थोडा फिरलेला. मधल्या दातांच्या शेजारचा, उजवीकडचा दात मात्र नव्हताच. तेवढ्या जागी प्लॅस्टिक कोरं, उंच राहिलं होतं. कवळी करायची तर अशा फटीची ती आधी नोंद करायची. "शैलेंद्र, हे उष्टं आहे रे."

तो खळखळून हसला. "प्लॅस्टिकला कसलं आलंय उष्टं?"

तिनं सगळे भाग चाळणीत घालून भांड्यांच्या साबणानं, कढत पाण्यानं धुतले. धुताना ते बुळबुळीत लागले. साबणाचं बुळबुळीत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण तीनदा पाणी बदललं तरी बोटांमधून तार सुटायची थांबेना, तेव्हा तिनं चाळणी कचऱ्यात टाकली आणि भाग कागदावर पसरून ठेवले. वास होता तसाच राहिला.

४

पुढचे दोन आठवडे शैलेंद्र ऑफिसातून आला की टेबलाशी. आणि बोलायचा, हो, बोलायचा. शेडमधल्या गोष्टी, बाबांच्या डब्यातली लसणाची चटणी, इंजिनाच्या पोटात शिरून बाबा कसे नळ्या साफ करायचे, सगळं सांगायचा. पद्मिनी पोळ्या लाटत ऐकायची आणि तिचे डोळे भरून यायचे. त्यात एकच गोष्ट तिला बघवत नसे. ब्रशचं टोक बारीक यावं म्हणून तो ब्रश तोंडात घालून ओठांनी ओढायचा. तोच खोक्यातला जुना ब्रश.

"अरे, नवा आण की. शी."

"यानंच मस्त रेघ येते," तो म्हणायचा आणि पुन्हा ओठांत धरायचा. खालच्या ओठावर काळा ठिपका राहायचा. रात्री झोपताना तो जवळ आला की तिला तो वास यायचा, आणि ती उशीवर तोंड फिरवायची. मग तिला स्वतःचाच राग यायचा. दीड वर्ष ज्याची वाट पाहिली तो माणूस परत आला आणि आता हिचे नखरे.

एका गुरुवारी कचऱ्याची पिशवी बांधताना तिला वापरून झालेली चौकट दिसली. शैलेंद्र भाग कापायला तिचं नेलकटर वापरायचा, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण काडीचं प्रत्येक टोक चावलेलं होतं. अरुंद जबडा, फिरलेला सुळा, उजवीकडे कोरी उंच जागा. ठसे ओले होते.

तिनं शेजारच्या बिल्डिंगमधल्या वीणाला फोन लावला. वीणा मुंबईची, कुठल्याही संकटावर तिच्याकडे उत्तर तयार असायचं.

"नवरा बोलायला लागलाय ना? मग चावू दे ना यार प्लॅस्टिक. माझा तर पेन्सिली खातो."

"पण ते दात त्याचे नाहीत."

"तू परीक्षेचा अभ्यास जरा कमी कर," वीणा म्हणाली.

तेही खरंच असेल असं पद्मिनीला वाटलं. शंका आली की माप घ्यायचं, हे तिला कॉलेजात शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यातून गुलाबी मेणाची एक पट्टी आणली. ती कोमट पाण्यात मऊ करून शैलेंद्रच्या तोंडात धरली. "चाव. सराव करतेय."

त्यानं आज्ञाधारकपणे चावलं. सगळे दात जागच्या जागी, रुंद, सरळ, चारचौघांत उठून दिसणारे. लग्नाआधी फोटो पाहून आईला ती म्हणाली होती, दात चांगले आहेत. पट्टीवर फट नव्हती, सुळा फिरलेला नव्हता. चौकट तिनं शेजारी धरून पाहिली, दोनदा पाहिली. शेवटी तिनं ठरवलं की ठसे जुनेच असणार, आधीच्या माणसानं सगळीच टोकं चघळून ठेवली असणार, आणि ओल कचऱ्यातली. हे पटण्यासारखं होतं. चौकट कागदात गुंडाळून ती पार्किंगच्या टोकाच्या मोठ्या डब्यात टाकून आली आणि तिनं हात ब्लीचनं धुतले.

रविवारी फ्रिज उघडला तर बर्फीला कुणी तोंड लावलं होतं. लग्नाच्या वाढदिवसासाठी तिनं रिकोटा चीज आटवून बर्फी थापून ठेवली होती, इथल्या सगळ्याच बायका खव्याऐवजी ते वापरायच्या. थाळीवर फॉइल घट्ट बसवलेलं होतं. ते काढलं तर कडेची बर्फी चावलेली. मऊ बर्फीत दात असे स्वच्छ उमटले होते की दवाखान्यात असा ठसा मिळाला असता तर डॉक्टरांनी शाबासकी दिली असती. उजवीकडच्या फटीच्या जागी बर्फीची एक कड उभी होती.

"शैलेंद्र, बर्फी खाल्लीस?"

"नाही गं," टेबलाशी बसलेला शैलेंद्र म्हणाला. "वाढदिवसाची आहे ना ती?" तो खोटं बोलत नसे. ब्रश त्याच्या ओठांत होता.

तिला सिंकवर वाकावं लागलं. चावलेली बर्फी आणि तिच्या शेजारच्या चार तिनं फेकून दिल्या. उरलेल्या मात्र दुसऱ्या डब्यात भरल्या, कारण त्या कोऱ्या दिसत होत्या आणि वाढदिवस तीन दिवसांवर होता.

५

बुधवारी दवाखाना अर्धा दिवस. ती दोनला घरी आली तेव्हा खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं आणि इंजिन पूर्ण होऊन तिथे उभं होतं. सुंदर झालं होतं, हे तिनं मनात कबूल केलं. हिरवा बॉयलर, काळं धुराडं, पितळी रंगाच्या पट्ट्या. मागे तो बिनचेहऱ्याचा ड्रायव्हर. शैलेंद्रनं त्याला निळा कोट रंगवला होता, चेहऱ्याच्या जागी नुसताच कातडीचा रंग दिला होता.

तिनं पर्समधून तोंडात घालायचा छोटा आरसा काढला. सकाळीच तो पर्समध्ये टाकताना तिनं स्वतःला विचारलं नव्हतं की कशासाठी. बॉयलरच्या मागच्या बाजूला कोळसा टाकायचं दार होतं, वाटाण्याएवढं, उघडझाप होणारं. आत पोकळ प्लॅस्टिक असणार, गोंदाचे थेंब असणार. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की विषय संपला. आरसा त्या दारातून जाणार नाही असं वाटलं होतं. तो गेला. दार थोडं ताणलं.

एक क्षणभरच दिसलं. आत हिरवं नव्हतं, प्लॅस्टिकही नव्हतं. ओलं, फिकट गुलाबी छत होतं आणि त्यावर आडव्या वळ्या. अशा वळ्या ती दिवसातून दहा वेळा बघायची. टाळूवर, वरच्या दातांच्या लगेच मागे असतात त्या.

मग आरसा धुरकटला.

हे तर तिचं रोजचं होतं. पेशंटनं श्वास सोडला की आरशावर वाफ धरते, म्हणून तो आधी कोमट करून घ्यायचा. तिची बोटं सवयीनं थांबली, श्वास आत जायची वाट बघत. आरसा निवळला. पुन्हा धुरकटला.

तिनं तो बाहेर ओढला तेव्हा त्याच्या टोकाला तार आली आणि तुटून टेबलावर पडली.

ओकून झाल्यावर पद्मिनी न्हाणीघराच्या थंड फरशीवर बराच वेळ बसून राहिली. मग उठली, कचऱ्याची काळी पिशवी आणली, हाताला दोन ग्लोव्हज चढवले आणि इंजिन पिशवीत घातलं. गाठ मारणार तेवढ्यात तिला इंजिनाच्या खालची पट्टी दिसली. चाकांच्या मधल्या जागेत शैलेंद्रनं पांढऱ्या रंगानं, केसाएवढ्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'दिगंबर, भुसावळ'. अशी रेघ यायला ब्रशचं टोक किती वेळा ओठांत धरावं लागलं असेल.

ती पिशवी धरून उभी राहिली. फेकलं तर तो काय म्हणेल हे तिला माहीत होतं. काहीच म्हणणार नाही. वाढलं तर जेवेल, विचारलं तर उत्तर देईल.

तिनं इंजिन बाहेर काढून होतं तसं ठेवलं.

६

संध्याकाळी सहाला शैलेंद्र आला तो गजऱ्याऐवजी शेवंतीचा गुच्छ घेऊन. तिनं मसालेभात केला होता, भजी केली होती. अजून बाहेर उजेड होता, खाली कुणीतरी गाडी धूत होतं आणि रेडिओवर बेसबॉलची मॅच चालू होती. इंजिन त्यानं टेबलाच्या मधोमध ठेवलं. पद्मिनीनं त्याच्यावरून हात करून भात वाढला आणि श्वास तोंडानं घेतला.

"पाच वर्षं झाली," तो म्हणाला.

"हो ना."

"पदू, एक विचारू? हल्ली तू माझं उष्टं खात नाहीस."

तिनं भाताचं पातेलं झाकलं.

"मी समजू शकतो. बाबा गेल्यापासून मीच कुठेतरी होतो. तुला एकटीला टाकलं मी." त्यानं डबा उघडून एक बर्फी घेतली. "पण आता आलोय ना परत?"

त्यानं बर्फी अर्धी चावली. ती बघत होती. वरचे दात, सरळ, पांढरे, एकाशेजारी एक, तिच्या डोळ्यांदेखत बर्फीत रुतले. मग उरलेला अर्धा तुकडा त्यानं तिच्या तोंडाशी धरला, लग्नात धरला होता तसा.

तुकड्याची चावलेली कड तिच्याकडे होती. फिरलेला सुळा. अरुंद जबडा. उजवीकडे बर्फीची छोटीशी उभी भिंत, जिथं दात असायला हवा होता आणि समोर हसणाऱ्या तोंडात तो होता.

वास आला. गोडसर.

नको म्हणायला दोन अक्षरं लागतात. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती नाही म्हणाली तर तो हात खाली जाणार होता आणि पुन्हा वर यायचा नव्हता. हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

बर्फी मऊ होती. चावलेल्या कडेला ओलसर, कोमट. ती न चावता गिळायला गेली, तिला गिळता आली नाही, म्हणून चावली. जिभेवरून काहीतरी तार धरून मागे सरकलं आणि खाली उतरलं.

"आता माझा घास," शैलेंद्र म्हणाला. तो लहान मुलासारखा खूश झाला होता.

तिनं डब्यातली कोरी बर्फी उचलली, अर्धी चावली आणि उरलेली त्याच्यापुढे धरली. हात धुवायचे, दात घासायचे, सगळं नंतर, असं ती मनात म्हणत होती. हा एवढा घास त्यानं खाऊ दे.

तो तोंड पुढे करता करता थांबला. त्यानं तिचं मनगट धरून तुकडा उजेडाकडे फिरवला आणि हसू लागला.

"अगं डॉक्टर, हे काय? तुझाच एक दात गायब आहे." त्यानं करंगळीनं दाखवलं. "हा बघ, इथं, उजवीकडे."

पद्मिनीनं जीभ वर नेली. मधले दोन, मग त्यांच्या शेजारचा, मग सुळा. दात तिथे होता. तिनं जिभेनं त्याला ढकलून पाहिलं, तो पक्का होता.

शैलेंद्रनं वाकून तिच्या हातातला तुकडा ओठांनी उचलला, चावून चावून खाल्ला आणि मग दीड वर्षांत पहिल्यांदा, न विचारता, तिच्या ताटातलं अर्धं भजं घेतलं.